दोन हेडफोनांतला फरक

अवसरी बुद्रुकच्या रामनाथला आवाजाचा नाद होता. गावात कुणाला बैलगाड्यांचा नाद असतो, कुणाला कुस्तीचा, कुणाला निवडणुकीचा. अशा नादांना मान असतो, कारण ते चारचौघांत करता येतात. रामनाथचा नाद एकट्यानं खुर्चीत डोळे मिटून बसायचा होता. दोन एकर ऊस आणि एकरभर कांदा असलेला चाळिशीचा गडी भर दुपारी डोळे मिटून बसला, की येणारा-जाणारा आधी अंगाला हात लावून बघतो.

चार वर्षं त्याच्याकडे एकच हेडफोन होता. बारीक पत्र्याची पट्टी, दोन्ही टोकांना बिस्किटाएवढ्या वाट्या आणि त्यावर नारिंगी फोम. घडी घातली की शर्टाच्या खिशात मावायचा. त्यावर रामनाथचा जीव होता, पण आपलं माणूस असलं तरी दोष दिसतातच. फोममधून हवा जायची, तसा आवाजही जायचा, आणि ढोलकीचा खालचा घुमारा मळ्याच्या पलीकडून आल्यासारखा यायचा. म्हणून त्यानं दुसरा मागवला. हा काळा, बिनवायरचा, कानांवर गाद्या दाबून बसणारा आणि बाहेरचा सगळा गलका बंद करणारा. आठ दिवसांत पसंत पडला नाही तर परत करायची सोय होती.

शनिवारी काळा घरात आला आणि रविवारपासून रामनाथच्या वहीत नोंदी सुरू झाल्या. 'काळा : खर्ज भरदार, टाळ किंचित टोचतात. फोम : टाळ गोड, खर्ज अशक्त.' परीक्षेसाठी त्यानं स्वतः महाळुंगे पडवळच्या देवळात बसून रेकॉर्ड केलेलं एक भजन होतं. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावलेली कणीक वाळत आली आहे, हे काळ्यात ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं होतं. फोममध्ये कणीक अजिबात कळत नाही. हे त्यानं वहीत लाल शाईनं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

अश्विनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ती वही वाचली. अश्विनी घरातच ब्लाउज शिवायची. अर्ध्या अवसरीची मापं तिला तोंडपाठ होती, आणि नवऱ्याचंही माप तिनं कधीच घेऊन ठेवलं होतं.

"अहो, डोकं एक आन् हेडफोन दोन कशाला?" ती म्हणाली.

"दोन्हींत लई फरक हाय."

"कुणाला कळतो?"

"मला कळतो की."

"तुमाला तर वाळलेली कणीक बी ऐकू येती. तुमच्याशिवाय गावातल्या एका तरी माणसाला फरक कळू द्या. मग खुशाल ठेवा काळा. नाय कळला तर शनिवारी पार्सलवाला येईल त्याच्याकडं द्यायचा. आन् मला ह्यात धरू नका, माझ्याकडं लग्नसराईचं काम पडलंय."

रामनाथ मनातून हरखला. अट अगदीच सोपी होती. आणि खरं सांगायचं तर काळ्या हेडफोनपेक्षा त्याला हा माणूसच जास्त हवा होता. फोनवरच्या ग्रुपात नादिष्ट पुष्कळ होते, पुण्याचे, नाशिकचे, एक तर थेट दुबईचा. ते कणकेबद्दल रात्रंदिवस वाद घालायला तयार असत. पण त्यांच्याबरोबर ओट्यावर बसून चहा पिता येत नव्हता. इतक्या वर्षांत गावातल्या एकाही माणसानं त्याच्यासमोर कानाला हेडफोन लावून 'आयला' म्हटलं नव्हतं. या गोष्टीचं त्याला वाईट वाटायचं, एकटं वाटायचं, आणि हे कुणाला सांगायची सोयही नव्हती.

पहिला मान वडिलांचा. गेणूतात्यांनी आयुष्यात नऊ बैलजोड्या घेतल्या होत्या आणि घेताना एकाही बैलाला चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हेडफोन ओट्यावर ठेवायला लावले. भोवतीनं एक चक्कर मारली. काळ्याची गादी अंगठ्यानं दाबून पाहिली, फोमच्या पट्टीला वाकवून पाहिलं आणि नाक मुरडलं.

"घाला की तात्या डोक्याव."

"टोपीवरनं बसंना."

"मंग टोपी काढा घटकाभर."

"का? कोण मेलंय?"

शेवटी हेडफोन उलटा करून पट्टी हनुवटीखालून घेतली. तात्या दाढदुखी झाल्यासारखे बसले. अर्धं भजन काळ्यात ऐकलं, अर्धं फोममध्ये. रामनाथ श्वास धरून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होता.

"कळला फरक?"

"कळला तर," तात्या म्हणाले. रामनाथचे डोळे लकाकले. "हा काळा थंडीत बरा, कान गरम राहत्यात. त्यो फोमवाला उन्हाळ्याचा."

रामनाथ धावत आत गेला, पण अश्विनीनं मशीन न थांबवता निकाल दिला. हा आवाजातला फरक नव्हे, कानटोपीतला फरक आहे. रामनाथला तो पटला नाही, पण खोडताही येईना.

मग पप्पू. पप्पू हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, मंडप आणि स्पीकरवाला. धंदाच आवाजाचा, म्हणून रामनाथची त्याच्यावर मोठी भिस्त होती. त्याच्या स्पीकरांच्या भिंतीपुढून वरात गेली की आसपासच्या कौलांवरची मांजरं उतरून यायची. वीस वर्षं त्या भिंतीशेजारी उभं राहून पप्पूच्या कानांचं जे व्हायचं ते झालेलं होतं. त्याच्याशी बोलायचं म्हणजे लोक आधी खांद्याला हात लावत.

पप्पूनं काळा चढवला, आवाज शेवटापर्यंत नेला आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला. मग फोमवाला घेतला आणि पुन्हा छातीवर हात ठेवला.

"चालू हाय का, राव?"

"चालू हाय. कानानी ऐक, छातीनी नको."

"छातीत बसंना तो बेस कसला? दोन्ही सारखंच बारीक हायत. मोबाइलवाल्यानी फसवलं बघ तुला, भाऊ. माझ्याकडं ये, एक टॉप आन् एक बेस देतो. डोक्याव नाय बसायचा, पण खळ्यात बसंल."

तिसरी कोंडाकाकू. ही रामनाथची चुलती, शेजारच्याच घरात राहणारी. भजनाला चाळीस वर्षं न चुकता बसलेली बाई, म्हणजे कान तयार असणार, असा रामनाथचा हिशेब. काकूनं हेडफोन घातला आणि भजन सुरू होताच टाळ्या वाजवत सोबत गायला लागली. रेकॉर्डिंगच्या थोडी पुढंच गात होती. मधेच भजनातल्या कुणाला तरी "जरा हळू घ्या" म्हणाली. मग मोठ्यानं ओरडून रामनाथला विचारलं, की भाकरी खाल्ली का. तो म्हणाला, खाल्ली. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं पुन्हा विचारलं. फोम घातल्यावर हेच सगळं पहिल्यापासून झालं.

"कसं वाटलं, काकू?"

"भजन ग्वाड झालं."

"तसं नव्हं. ह्याच्यात आन् त्याच्यात फरक काय?"

काकूनं त्याच्याकडं कीव येऊन बघितलं. "रामा, ह्यातबी तेच भजन आन् त्यातबी तेच. भजन बदललं न्हाई, म्हणणारी बदलली न्हाईत. मंग फरक कसा असंल?"

याच्यावर दुबईवालासुद्धा काही बोलू शकला नसता. रामनाथनं त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

असा शुक्रवार उजाडला. उद्या पार्सलवाला येणार. फरक कळलेला माणूस एक नाही. शेवटचा दिवस तरी काळ्याच्या संगतीत काढावा, म्हणून चारच्या सुमारास मळ्यातली पाण्याची मोटार चालू करायला निघताना रामनाथनं काळा डोक्यावर चढवला.

आता अवसरीच्या शिवारात एक रीत आहे. उसात बिबटे आहेत, हे काही कुणाला नव्यानं सांगायला नको. म्हणून मळ्यात एकट्यानं जाणारा माणूस खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावून जातो. माणूस येतोय हे बिबट्याला आधी कळलं, की तो आपली वाट धरतो. दोघांचीही सोय. आता तर गाण्यावरून माणूस ओळखू येतो. भारूड ऐकू आलं की कोंडाकाकू, गवळण आली की तात्या, आणि ऊस हलवणारी हिंदी गाणी आली की पप्पू. रामनाथची जुनी भावगीतं. गाणं लावल्याशिवाय उसात पाऊल टाकायचं नाही, हे त्याच्या हाडात भिनलं होतं.

त्यानं फोनवर गाणं लावलं. पावसाळी दिवसांसारख्या सावकाश चालीचं, एका बाईनं गायलेलं. उसाच्या तोंडाशी आल्यावर त्यानं नेहमीच्या सवयीनं आवाज दोन घरं वाढवला. काळजी घेतलेली बरी. मग तो निश्चिंत मनानं आत शिरला.

गाणं अप्रतिम लागत होतं. तबल्याचं एकेक बोट वेगळं मोजता येत होतं. उसाची सळसळ नाही, ट्रॅक्टर नाही, टिटवी नाही. उसातून बाहेर पडून तो बांधाला लागला, तेव्हा लांब कोंडाकाकूच्या कांदा साठवायच्या बराखीवर काकू आणि दोन बाया चढलेल्या दिसल्या. त्या हात हलवत होत्या. रामनाथला बरं वाटलं. आठवडाभर आपण काकूला छळलं, तरी तिच्या मनात काही नाही. त्यानंही हात हलवला. तशा त्या दोन्ही हातांनी हलवायला लागल्या. एकीनं तर गोणपाट फिरवलं. त्यानंही दोन्ही हात वर केले.

पुढं तात्या दिसले. टोपी हातात घेऊन, म्हणजे ती डोक्यावरून काढून, ते बराखीच्या कडेनं पळत येत होते. मागून पप्पू एका पितळी परातीवर दांडक्यानं बडवत होता. परात बडवल्याचा आवाज रामनाथला मुळीच येत नव्हता, पण दांडकं नेमकं समेवर पडत होतं. या योगायोगाचं त्याला हसू आलं. पप्पूला ताल आहे, फक्त कान नाहीत, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मोटारीच्या पेटीपाशी जाऊन बटण दाबलं, पाणी पडताना बघितलं आणि पलीकडच्या बांधानं आरामात बराखीपाशी आला. तिथं त्यानं हेडफोन काढला.

गाण्याच्या जागी एकदम कोंडाकाकू आली.

"मेल्या, मरायचं व्हतं का तुला? दहा हातांवर बसला व्हता, दहा हातांवर."

"कोण?"

"तुझा मेव्हणा. बिबट्या, बिबट्या! बांधाव बसला व्हता. तू त्याच्या फुडनं गेलास आन् आमाला टाटा करतोयस."

रामनाथनं मागं वळून पाहिलं. बांध रिकामा होता. तो एका गोणीवर बसला.

"मग गेला कुठं?"

"बघत ऱ्हायला तुझ्याकडं," पप्पू म्हणाला. "तू हात वर केले तवा उठला आन् वढ्याकडं निघून गेला. वैतागल्यासारखा वाटला, राव."

तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, दम घेतला आणि चौकशीला सुरुवात केली. "गाणं लावलं व्हतं का न्हाई?"

"लावलं व्हतं की, तात्या. उसात शिरताना वाढवलं बी."

"मंग आमाला का ऐकू आलं न्हाई?"

"ते ह्याच्यात..." रामनाथनं काळा हेडफोन दाखवला. "ह्याच्यातला आवाज बाहेर जातच न्हाई. तेच तर ह्याचं..."

वाक्य तोंडात असतानाच त्याला आपण काय केलं ते समजलं. बिबट्याला कळावं म्हणून लावलेलं गाणं तो एकटाच ऐकत गेला होता. जितका आवाज वाढवला, तितकं फक्त त्याचंच भलं झालं होतं. त्याचे कान तापले. काळ्याच्या गादीशिवायच.

"म्हंजी तू येकटाच ऐकत व्हतास?" कोंडाकाकू म्हणाली. "इतका आपमतलबी कवा झालास?"

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. पप्पूनं मुद्दा काढला, की फोमवाल्यातून आवाज गळतो असं रामनाथच म्हणतो, मग तो मळ्यात चालेल. लगेच खळ्यात प्रयोग झाला. रामनाथला मधोमध उभं केलं, फोम डोक्यावर, आवाज पुरा. तात्या एकेक पाऊल मागं सरकत गेले. चौथ्या पावलावर आवाज ऐकू यायचा बंद झाला.

"चार पावलं," तात्यांनी जाहीर केलं. "चार पावलाव आल्याव त्याला गाणं ऐकू येऊन काय उपेग? फर्माईश करंल का त्यो?"

मळ्यात उघडा मोबाइल, दुसरं काही नाही, असा ठराव झाला. काळा मात्र घरातच नको, असं तात्या आणि काकू दोघांनीही सांगितलं. अश्विनी इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. तिचा चेहरा उतरलेला होता. तिनं पुढं येऊन नवऱ्याचा दंड घट्ट धरला. ती एवढंच म्हणाली, की तो तसाही उद्या जाणार आहे.

शनिवारी सकाळी रामनाथ खोका घेऊन बसला. अश्विनीच्या मशीनची खडखड चालू होती. दहा वाजता पार्सलवाला येणार होता. परत करण्याआधी एक शेवटचं गाणं ऐकावं, म्हणून त्यानं तेच कालचं भावगीत लावून काळा घातला, आणि पुन्हा काढला. मन लागेना.

"ऐका की," अश्विनी म्हणाली. "मी घटकाभर मशीन बंद करते."

"नको, चालू दे. हा घातला की मशीन ऐकूच येत न्हाई."

अश्विनीचा पाय थांबला. "काय?"

"मशीन ऐकू येत न्हाई."

"अजिबात?"

"अजिबात."

बारा वर्षं ती खडखड अश्विनीच्या कानात होती. रात्री अंथरुणावर पडल्यावरही ती थांबत नसे, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगून ती थांबणार नव्हती. तिनं हात पुढं केला. "बघू."

तिनं काळा चढवला आणि मशीन चालवली. सुई वरखाली होत होती, कापड सरकत होतं. अश्विनी सुईकडं बघत राहिली आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले. रामनाथनं गाणं चालू केलं. पहिल्या कडव्याच्या शेवटी तिनं शिवायचं थांबवलं. दुसरं कडवं तिनं डोळे मिटून ऐकलं. रामनाथला विचारायचा धीर होईना, पण नियम म्हणजे नियम. त्यानं हळूच काळा काढून तिच्या डोक्यावर फोम ठेवला.

तीन सेकंद गेले असतील. अश्विनीनं डोळे उघडले.

"ह्यात ती बाई मागं सरकून बसली," ती म्हणाली.

रामनाथनं वही जवळ ओढली.

"आन् तबलेवाला भाईर वट्याव गेला. ह्यो नको, त्यो द्या."

त्यानं काळा तिच्या डोक्यावर ठेवला, बाहेर ओट्यावर गेला आणि पार्सलवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. इतका आनंद त्याला ऊस कारखान्याला गेल्यावरही झाला नव्हता. सगळी पंचक्रोशी धुंडाळली आणि माणूस घरात मशीनवर बसलेला निघाला. आता दोघं मिळून ऐकू, वहीत तिच्याही नोंदी घेऊ, ग्रुपवर कळवू, असं काय काय ठरवत तो आत आला. अश्विनीनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं.

"अगं, आता मला दे जरा."

तिनं बोट वर करून त्याला थांबवलं. शेवटापर्यंत ऐकलं आणि मग काळा एका कानावरून सरकवला.

"दुसऱ्या कडव्याच्या आधी ही कागद उलटते ना?"

"कोण?"

"गाणारी. समोर कागद असंल तिच्या. पेटी थांबती तिथं बारीक आवाज येतो बघा, कागदाचा. तुमी तर हे गाणं शंभर येळा ऐकलंय."

रामनाथनं ते तीनशे वेळा ऐकलं होतं. त्यानं हेडफोन घेतला, डोळे मिटले. पेटी थांबली. दुसरं कडवं सुरू झालं. मधे काही नव्हतं. त्यानं गाणं मागं नेलं, गाद्या दोन्ही हातांनी कानांवर दाबल्या आणि श्वास धरला. पेटी थांबली. दुसरं कडवं सुरू झालं. तिसऱ्यांदा ऐकताना त्याला स्वतःचं काळीज धडधडलेलं ऐकू आलं, पण कागद नाही.

त्यानं डोळे उघडले. अश्विनी पुढं वाकून त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"आला ऐकू?"

"आला की," रामनाथ म्हणाला. "एकदम स्पष्ट."

"कितीदा उलटते?"

रामनाथनं क्षणभर छताकडं पाहिलं. "दोनदा."

अश्विनीनं त्याच्या डोक्यावरून काळा हेडफोन अलगद काढून घेतला, आपल्या डोक्यावर नीट बसवला आणि मशीनकडं वळली.

"तुमी चहा ठेवा," ती म्हणाली.

रामनाथनं जाऊन चहा ठेवला.